पाटीवरच्या चुकलेल्या उत्तराचं काय करायचं?

"समजलं का?" असं विचारलं की वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. पुढच्या बाकावरचे चार-पाच हात वर जातात, बरोबर उत्तर मिळतं आणि धडा पुढे सरकतो. बाकीच्या पस्तीस जणांचं काय झालं ते घटक चाचणीत कळतं, आणि तोवर पुढचे दोन घटक शिकवून झालेले असतात. हे आधीच कळावं म्हणून काय करायचं, ते सहावीतल्या दशांश अपूर्णांकांच्या तुलनेवर पाहू. वर्गात चाळीस मुलं आणि तासिका चाळीस मिनिटांची, असं धरलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्न तयार करण्यावर घालवा. फळ्यावर लिहा: सर्वांत मोठी संख्या कोणती? अ) ०.३ ब) ०.४५ क) ०.१२५. यात 'क' निवडणारं मूल दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतं: एकशे पंचवीस, पंचेचाळीस, तीन. 'अ' निवडणाऱ्याची चूक वेगळी असते. सहस्रांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असं त्याने ठरवलेलं असतं. काही मुलांच्या डोक्यात १/३ हा १/४५ पेक्षा मोठा, हा नियमही इथे येऊन बसतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे अशी एकेक ओळखीची चूक असली पाहिजे. याच जागी ०.७, ०.६५, ०.१२५ अशा संख्या दिल्या तर प्रश्न फसतो, कारण 'कमी अंक म्हणजे मोठी संख्या' असं मानणारं मूलही ०.७ हे बरोबर उत्तर देतं आणि तुमच्या नजरेतून सुटतं. पाठ्यपुस्तकातला प्रश्न जसाच्या तसा उचलण्याआधी त्यातल्या संख्या दोन्ही चुकांनी सोडवून पाहा.

तासिकेच्या सातव्या-आठव्या मिनिटाला हा प्रश्न विचारा. अर्धं मिनिट पूर्ण शांतता ठेवा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. इथे तर तीन संख्या तोलायच्या आहेत. मुलांनी पाटीवर फक्त अक्षर लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची आणि "एक, दोन, तीन" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायची. हळूहळू पाट्या वर जाऊ दिल्या तर मुलं हुशार मुलाची पाटी बघून अक्षर पुसतात. पाटी नसेल तर रफ वहीच्या मागच्या पानावर मोठं अक्षर चालतं. रिकामी पाटीही मोजा, तेही उत्तरच आहे. आणि बरोबर उत्तर लगेच सांगू नका. चेहऱ्यावरही दिसू देऊ नका, मुलं ते पटकन वाचतात.

आता निर्णय घ्यायचा. चाळीसपैकी बत्तीसच्या वर मुलांचं 'ब' आलं तर पुढे जा आणि राहिलेल्यांना स्वाध्यायाच्या वेळी जवळ बसवा. बारा ते बत्तीसच्या दरम्यान आलं तर वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला "तू हेच का लिहिलंस?" असं विचारायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा पाट्या घ्या. बाराच्या खाली गेलं तर चर्चेचा उपयोग नाही, वेगळ्या साधनाने पुन्हा शिकवा. हे आकडे ठोकताळ्याचे आहेत. तीन पर्यायांत नुसत्या अंदाजानेही तेरा-चौदा मुलांचं उत्तर बरोबर येऊ शकतं. म्हणून दुसरा प्रश्न पर्याय न देता विचारा: ०.२ पेक्षा मोठी आणि ०.३ पेक्षा लहान अशी एक संख्या लिहा. "अशी संख्या नाही" असं लिहिणारी मुलं इथे सापडतात.

पुन्हा शिकवताना १० × १० चौकटींचा कागद घ्या. ०.३ साठी तीस चौकटी रंगवायच्या, ०.४५ साठी पंचेचाळीस, ०.१२५ साठी बारा आणि एक अर्धी. 'क'वाल्यांचा घोळ इथे सुटतो. 'अ'वाल्यांना मात्र तुकडा किती बारीक आहे यासोबत असे किती तुकडे घेतले हे बोलून दाखवायला लावावं लागतं. "शेवटी शून्य देऊन अंक सारखे करा" ही युक्ती आपण सगळेच सांगतो. तिने उत्तरं बरोबर येतात, पण चूक झाकली जाते, ०.३ मोठी की ०.३० असं विचारून पाहा. रुपये-पैशांचं उदाहरण शतांशापर्यंतच पुरतं, आणि ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे अशी नवी गल्लत त्यातूनच जन्मते. वाचतानाही 'शून्य पूर्णांक पंचेचाळीस' न म्हणता 'शून्य दशांश चिन्ह चार पाच' म्हणा.

शेवटची चार मिनिटं चिठ्ठीसाठी राखा. पाव कागदावर एकच प्रश्न: ०.६, ०.७२, ०.५०८ पैकी मोठी कोणती आणि का, एका वाक्यात. चिठ्ठ्या तपासायच्या नाहीत, वाचून तीन गठ्ठे करायचे: कारणासह बरोबर, कारणाशिवाय बरोबर, चूक. सात-आठ मिनिटांत होतं. मधला गठ्ठा सगळ्यात फसवा असतो. उद्याची पहिली दहा मिनिटं कोणासोबत घालवायची हे गठ्ठेच सांगतात. उद्याच्या तासात काहीच बदलणार नसेल तर चिठ्ठ्या घेऊ नका.

वह्या रोज आठच घ्या, पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. 'छान', 'सराव करा' या शेऱ्यांवरून मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. "०.६ आणि ०.५७ दोन्ही शतांशात लिही, मग तुलना कर" असं लिहा आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं ते करायलाच द्या. शेऱ्याशेजारी गुण लिहू नका. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं नाही.

राहिली नोंदवही. महाराष्ट्राच्या २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे सहावीला आकारिक (शिकताना वर्षभर होणारं) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) मूल्यमापन यांचा भार निम्मा-निम्मा आहे, आणि आकारिकचे रकाने सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरले जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाट्यांची आणि चिठ्ठ्यांची उत्तरं त्या गुणांत धरू नका. एकदा गुण लागले की मुलं चूक लपवू लागतात. पण वर्णनात्मक नोंदीसाठी चिठ्ठ्या उपयोगी पडतात. "प्रगती समाधानकारक" ऐवजी "शतांशापर्यंत तुलना करते, सहस्रांश आला की अंक मोजून उत्तर देते" असं लिहा. रोज पाच मुलांच्या नोंदी केल्या तर आठ दिवसांत वर्ग होतो. तारीख टाकायला विसरू नका, कारण तीच मुलगी पंधरा दिवसांनी चिठ्ठीत काय लिहिते ते याच नोंदीशेजारी ठेवून बघायचं आहे.