ती तक्रार डॉक्टरांना कशी सांगायची

दीड वर्ष आम्ही दोघं एकाच पलंगावर पाठीला पाठ लावून झोपत होतो. भांडण काहीच नव्हतं. पाळी गेल्यापासून मला संबंधाच्या वेळी आग व्हायची, म्हणून मी टाळायचे. यांना ताठरता येत नव्हती, आली तरी टिकत नव्हती, म्हणून हे टाळायचे. मला वाटायचं, आता यांना मी नकोशी झालेय. यांना वाटायचं, हिच्या लक्षात आलंय, म्हणूनच ही पाठ फिरवते. माझ्या दुखण्यावर साधा इलाज होता. यांच्या तक्रारीच्या मुळाशी मधुमेह निघाला, आणि तोवर आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दीड वर्षातलं निदान एक वर्ष तरी वाचलं असतं, असं मला आजही वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही. रुग्ण म्हणून तीन दवाखान्यांतून जे शिकले, ते सांगते.

आधी कागदावर लिहा

पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्चीत बसल्यावर तोंडातून शब्द फुटेना. गुडघा दुखतो असं सांगितलं आणि गुडघ्याची गोळी घेऊन परत आले. दुसऱ्यांदा घरूनच चार ओळी लिहून नेल्या आणि कागद टेबलावर पुढे सरकवला. कागदावर एवढंच होतं: ‘पाळी जाऊन २ वर्षं. संबंधाच्या वेळी योनीच्या तोंडाशी आग, नंतर दिवसभर चुरचुर. वर्षात ३ वेळा लघवीचा संसर्ग. दोनदा थोडं रक्त दिसलं.’

डॉक्टरबाईंनी वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे पहिल्या ओळीत हवं होतं,” म्हणाल्या. पाळी पूर्ण गेल्यावर, म्हणजे सलग १२ महिने न आल्यावर, एक डाग जरी दिसला तरी तपासायचं असतं. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही अशीच दिसू शकते. आतून तपासणी झाली, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजली. माझ्या बाबतीत कारण कोरडेपणाच होतं. पण बोलले नसते तर ते कळलंच नसतं.

तुमच्या कागदावर हे असू द्या. त्रास कधीपासून आहे? हळूहळू वाढला की एकदम सुरू झाला? दर वेळी होतो की कधीकधी? इच्छाच होत नाही, की इच्छा होते पण शरीर साथ देत नाही? दुखत असेल तर तोंडाशी दुखतं की आत खोलवर? पुरुषांनी आणखी एक लिहावं: पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? हे विचारायचं कारण साधं आहे. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून ३ ते ५ वेळा आपोआप ताठरता येते. पहाटेची ताठरता नेहमीसारखी असेल तर ताण, धास्ती, नात्यातली कुरबुर याकडे आधी पाहतात. तीही गेली असेल तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन यांचा शोध घेतात.

औषधांची पिशवी सोबत न्या

नावं आठवून सांगू नका, पाकिटंच घेऊन जा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ताठरतेवर परिणाम होतो, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते किंवा सुखाचा क्षण लांबतो. मात्र असं वाचून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलून देऊ शकतात.

आणि लपवून घेतलेली गोळीही त्या पिशवीत असू द्या. यांनी मला न सांगता कुणाच्या तरी सल्ल्याने सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीची गोळी, आणून दोनदा घेतली होती. गोळी वाईट नाही. १९९८पासून ती वापरात आहे आणि तिने पुष्कळ जोडप्यांचं भलं केलंय. पण हृदयासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील, उदाहरणार्थ छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, तर दोन्ही मिळून रक्तदाब इतका घसरतो की जिवावर बेततं. संबंधाच्या वेळी छातीत दुखलं तर तिथेच थांबा, मदत बोलवा, आणि सिल्डेनाफिल घेतली असेल तर आधी ते सांगा. ताठरता ४ तास उतरली नाही, तर सकाळची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा.

यांच्या तपासणीत काय निघालं

डॉक्टरांनी यांना आधी वेगळंच विचारलं. जिना चढताना धाप लागते का? रात्री लघवीला किती वेळा उठता? घोरता का? मग रक्तदाब घेतला, कमरेचा घेर मोजला, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळी लवकर घेतलेल्या रक्तातून टेस्टोस्टेरॉन तपासलं. हे हार्मोन सकाळी सर्वाधिक असतं, म्हणून दुपारच्या नमुन्यावर विसंबून राहू नका. आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घ्या. यांचं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं. एचबीएवनसी मात्र ८.४ आलं. ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, आणि ६.५ किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह धरतात.

हे गप्प बसले. डॉक्टरांनी पेनाने कागदावर दोन नळ्या काढल्या, एक जाड, एक बारीक. हृदयाच्या रोहिण्या साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंद, लिंगाच्या १ ते २ मिलिमीटर. साखर, तंबाखू, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी रोहिण्यांचं आतलं अस्तर सगळीकडेच खराब होत असतं, पण बारीक नळीत ते आधी जाणवतं. त्यामुळे पुष्कळ पुरुषांत ताठरतेची तक्रार आधी येते आणि हृदयाची त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी. “ही तक्रार घेऊन आलात म्हणून साखर आज सापडली,” असं ते म्हणाले, तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कित्येक महिन्यांनी संकोच नव्हता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: चाळिशी-पन्नाशीत ही तक्रार सुरू झाली, तर गोळीच्या आधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या.

घरात कसं बोलायचं

हे मला सगळ्यात जड गेलं. पलंगावर बोलू नका, आणि प्रयत्न फसल्यावर लगेच तर नकोच. आम्ही संध्याकाळी चालायला जायचो तेव्हा बोललो. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत, त्याने फार सोपं जातं. वाक्य ‘मला’पासून सुरू करा. मी म्हटलं, “मला दुखतं म्हणून मी टाळते. तुम्ही नको आहात म्हणून नाही.” हे थांबले. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “मला वाटलं, तुला कीव येते माझी.”

समुपदेशकांनी आम्हाला एक जुनी पद्धत दिली. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने ती १९७०च्या सुमारास रुजवली. काही आठवडे संभोग करायचाच नाही, असं दोघांनी ठरवायचं. फक्त स्पर्श. आधी पाठ, हात, केस, जननेंद्रियं सोडून. कुठे बरं वाटतं ते सांगायचं. परीक्षा देतोय ही भावना त्यातून निघून जाते. तीन आठवडे आम्ही नेमाने केलं. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं, चौथ्या दिवशी मला रडू आलं. इतके दिवस मला कुणी हात लावला नव्हता, हे तेव्हा कळलं.

माझा इलाज

इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, तिथली आम्लता कमी होते, म्हणून लघवीचा संसर्गही वारंवार होतो. मला योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं: दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. पूर्ण फरक पडायला सुमारे तीन महिने लागले. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हे आधी सांगायचं. हार्मोन नको असेल तर योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण. तेल किंवा व्हॅसलीन लॅटेक्सच्या निरोधबरोबर वापरू नका, तो फाटतो. दुखत असताना दात ओठ खाऊन सोसू नका. पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळतात आणि दुखणं वाढत जातं.

नवा जोडीदार असेल तर आधी दोघांनीही तपासणी करावी, कारण क्लॅमिडियासारख्या, संबंधातून पसरणाऱ्या संसर्गाची लक्षणं पुष्कळदा दिसतच नाहीत. निरोध वयाने सुटत नाही. गर्भाशयमुखाची तपासणीही पाळी गेल्यावर लगेच थांबवायची नसते, ती कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांनी झटकून टाकलं तर

एका ठिकाणी मला ऐकावं लागलं, “या वयात आता कशाला हवंय?” मी खाली मान घालून बाहेर आले आणि त्यातच चार महिने गेले. तुम्ही असं करू नका. एकच प्रश्न विचारा: “याचं कारण शोधायला कोणत्या तपासण्या कराव्या लागतील?” उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. निव्वळ आजार नसणं म्हणजे लैंगिक आरोग्य नव्हे. शरीर, भावना, मन आणि नाती या सगळ्यांचं स्वास्थ्य त्यात येतं. हे माझं म्हणणं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतच आहे.

आता यांचं एचबीएवनसी ६.७ वर आहे. औषध चालू आहे, तंबाखू सुटली, आठवड्यातून पाच दिवस ४० मिनिटं दोघं भरभर चालतो. सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. कधी डॉक्टरांनी दिलेली गोळी लागते, कधी नुसतं जवळ पडून राहतो. पुढच्या मंगळवारी तपासणी आहे. या वेळचा कागद यांनीच लिहिलाय आणि माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलाय. पहिल्या ओळीत आहे: ‘पहाटे येते. आठवड्यातून ३-४ वेळा.’