अर्थशास्त्र पहिल्यांदाच शिकताय? सोयाबीनच्या भावापासून सुरू करा

बीएला अर्थशास्त्र घेतलेली नाहीतर एमपीएससीसाठी पहिल्यांदाच हा विषय हातात धरलेली आपल्या भागातली पोरं-पोरी भेटली की हमखास विचारतात, दादा कोणतं पुस्तक घेऊ. अकरावी-बारावीचं बालभारतीचं पुस्तक घ्या, पुरे होते सुरुवातीला. पण त्यासोबत एका पिकाचा भाव धरून बसा आणि विचारत राहा की आज हाच भाव काहून निघाला. मी असाच शिकलो, व्याख्या पाठ करून जे डोक्यात शिरत नव्हतं ते बाजार समितीच्या यार्डात लिलाव बघता बघता शिरलं.

सोयाबीनच घ्या. सोंगणी झाली की दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचा माल एकदमच येते, आवक वाढली की भाव पडते, हे तर घरच्या आजीलाही माहीत असते. खरा प्रश्न पुढे आहे. भाव पडलेला दिसून रायला तरी लोक विकतात काहून? कारण कृषी केंद्राची उधारी, मळणीचे पैसे, पोरांची फी, चण्याचं बियाणं, सगळं त्याच पंधरा दिवसांत उभं असते. ज्याला थांबता येते त्याला भाव भेटते, बाकीचे पडत्या भावाचाच चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, घेऊन घरी जातात. बाजार समजून घ्यायला मला तरी हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

थांबायचा खर्चही मोजून पाहा. शेतमाल तारण योजनेत माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज भेटते, 6 टक्के व्याजाने, 6 महिन्यांसाठी. समजा भाव क्विंटलला 4000 रुपये आहे, तर क्विंटलमागे 3000 हातात आले आणि सहा महिन्यांचं व्याज झालं 90 रुपये. म्हणजे भाव 90 रुपये अन् वरून वजनातली घट, ने-आण एवढ्याच्या वर चढला तरच थांबणं परवडलं. हा हिशेब कागदावर एकदा स्वतः करा, व्याज आणि जोखीम दोन्ही समजते.

आता भाव ठरते कुठं? क्विंटलभर सोयाबीन गाळलं की तेल निघते 18 किलोच्या आसपास, बाकी बहुतेक ढेप, जिला व्यापारी डीओसी म्हणतात आणि जी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यामुळे ब्राझील-अर्जेंटिनात पीक जोरात आलं की जगात ढेप स्वस्त होते आणि त्याचा दणका आपल्या यार्डात बसते. मग हमीभाव, म्हणजे सरकारनं जाहीर केलेला किमान भाव, कशाला, असं कोणी विचारते. 2025-26 चा हमीभाव 5328 आहे, पण तो सरकारी खरेदी केंद्रावर, तिथं नोंदणी लागते, ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागते, पैसे लगेच हातात येत नाहीत. लिलावातला व्यापारी तेवढाच भाव देईल असं नाही. ज्याला आजच पैसे पाहिजेत तो परत लिलावातच जाते.

मजुरीचंही असंच बघा, सोंगणी आणि कापूस वेचणी एकाच वेळी आली की बाया भेटत नाहीत अन् वेचणीचा किलोमागचा दर चढते.

सोयाबीन जमलं की पुढं जानेवारी-फेब्रुवारीत तूर धरा. ती म्यानमार, मोझांबिकवरूनही येते, म्हणून तिच्यासाठी लिलावाच्या भावासोबत आयातीच्या बातम्याही एकाच वहीत तारखेनं लिहीत जा.