कूलरची निगा राखताना होणाऱ्या या चुका टाळा

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणीच खारे असलेल्या भागात, ज्यांचे घर आहे, त्यांना मे महिन्यात कूलरच्या ताट्यांवर (बाजूंना बसवलेल्या गवताच्या पडद्यांवर) धरणारा पांढरा थर वेगळा दाखवावा लागत नाही. नखाने खरवडला की खडूसारखी भुकटी पडते. हा थर दिसला म्हणजे पाणी खराब आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते मात्र पाण्यापेक्षा ते भरण्याची आपली पद्धत जास्त दोषी आहे.

सकाळी टाकीचे झाकण उघडायचे, पाणी किती उरले ते पाहायचे आणि त्यावरच चार-पाच बादल्या ओतायच्या, ही जवळपास प्रत्येक घराची रीत आहे. कूलरमधून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. त्यातील क्षार टाकीतच राहतात. एका लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेले पाणी धरले आणि दिवसाला साठ लिटर उडून गेले, तर दहा दिवसांत टाकीत आणि ताट्यांत ६०० ग्रॅम क्षार जमा होतात. म्हणून दर चार-पाच दिवसांनी टाकीच्या तळाचे बूच काढून सगळे पाणी सोडून द्यावे आणि तळाचा गाळ पुसून काढूनच नवे पाणी भरावे. टंचाईच्या दिवसांत हे जिवावर येते, हे मान्य आहे. पण ते पाणी अंगण शिंपडायला चालते. कुंड्यांना मात्र घालू नये, कारण त्यात क्षार साचलेले असतात.

‘पंखा जोरात फिरतो, पण हवा थंड येत नाही’ ही तक्रार आली की बहुतेक जण मोटारीला दोष देतात. आधी एक सोपी तपासणी करावी. पंखा बंद ठेवून फक्त पंप पाच मिनिटे चालवावा आणि हात न लावता ताट्यांकडे बाहेरून पाहावे. वरपासून खालपर्यंत एखादा कोरडा पट्टा दिसला, तर त्याच्या वरच्या पन्हळीचे छिद्र क्षारांनी बुजले आहे असे समजावे. प्लग काढून ते बारीक तारेने मोकळे करावे. सगळीच ताटी कोरडी असेल, तर दोष पंपात असतो.

मागच्या उन्हाळ्यात ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमचा पंप असाच बंद पडला आणि मी नवा आणायला निघालो होतो. आईने तो उघडून पाहायला लावला, तेव्हा जाळी दगडासारखी घट्ट झालेली आणि आतल्या पात्यांना ताटीच्या गवताचे केस गुंडाळलेले निघाले. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून जाळी आणि पाती अर्धा तास भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली आणि तोच पंप पुढे पूर्ण हंगाम चालला. टाकीत पाणी नसताना पंप चालू ठेवण्याची चूकही टाळावी. कोरडा चाललेला पंप जळतो.

थर लवकर निघावा म्हणून काही जण संडास धुण्याचे ॲसिड टाकीत ओततात. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा त्यामुळे निघून जातो आणि पुढच्याच वर्षी तळ गळू लागतो. त्याहून वाईट म्हणजे ॲसिड किंवा लिंबूसत्व वापरल्यावर त्यातच ब्लीचिंग पावडर टाकणे. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. पत्र्याच्या टाकीला ब्रश आणि साधे पाणी पुरेसे आहे.

घासणे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीलगतच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करण्याचा कोरडा दिवस पाळताना नुसते पाणी सांडून भागत नाही, भिंतीही घासाव्या लागतात.

आता सर्वांत गंभीर चूक. कूलर चालू असताना पाणी भरणे, ओल्या हाताने ताटी सरकवणे आणि थ्री-पिन प्लग आहे म्हणून अर्थिंगही आहेच असे गृहीत धरणे, या तिन्ही गोष्टी लोखंडी बॉडीच्या कूलरजवळ जीवघेण्या ठरतात. खेड्यातील अनेक घरांत सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रामागे तारच जोडलेली नसते. हंगाम सुरू होण्याआधी वायरमनकडून ते तपासून घ्यावे. एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या पेटीतली आपोआप पडणारी कळ, जादा भारावर किंवा शॉर्टसर्किटवर पडते. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह तिला कळत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारे उपकरण, बसवावे. पाणी भरायच्या आधी नुसते बटण बंद करण्यावर न थांबता प्लगही काढावा.

खोलीत चिकचिक होत असेल, तर बहुधा दारे-खिडक्या बंद असतात. कूलरला बाहेरची कोरडी हवा आणि समोरून बाहेर पडायला वाट लागते. पाऊस सुरू झाल्यावर हवेतच ओल असते, तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून उन्हात पूर्ण वाळवावी, जुने गवत काढून टाकावे आणि गंजलेल्या जागी खरवडून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) लावावे. पंप कोरडा करून कापडात गुंडाळून घरात ठेवावा. गोठ्यात ठेवलेल्या पंपाची वायर उंदीर कुरतडतात, आणि ते पुढच्या एप्रिलमध्ये प्लग लावल्यावर कळते.