कुंपणाला बघण्याचा सज्जा: कुत्रा, मांजर, शेळी, गाय यांच्यासाठी

सज्जा म्हणजे कुंपण कापून बसवलेली पारदर्शक घुमटाची किंवा जाळीची खिडकी, जिच्यातून जनावर बाहेर बघू शकतं. करवत हातात घेण्याआधी काही दिवस कुत्र्याकडे नीट लक्ष द्या. कुंपणाच्या फटीतून बाहेर बघताना तो शांत बसत असेल, तर सज्जा त्याला मानवेल. पण माणूस दिसला की भुंकत कुंपणालगत येरझाऱ्या घालत असेल, तर खिडकीने तो आणखी बिथरेल. अशा कुत्र्याला बंद कुंपणच बरं.

जागा सावलीची निवडा, कारण पारदर्शक घुमटाखाली ऊन फार तापतं. वाटसरूंचे हात आत पोचता कामा नयेत आणि सज्जा बाहेर काढायचा तर पलीकडची जमीन आपलीच हवी. मग जनावर स्वस्थ उभं असताना जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मोजा. खिडकीचा मध्य तिथेच यायला हवा. मान वाकवून किंवा टाचा उंचावून बघावं लागलं, तर ते तिथे फिरकणार नाही.

काच नको. पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक वापरा, ते ॲक्रिलिक या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकपेक्षा धक्का जास्त सोसतं, मात्र ओरखडे लवकर पडतात. उन्हापासून वाचवणारा थर असलेली बाजू बाहेर ठेवा. सर्वांत जास्त चुका होतात त्या भोकांत. १ मीटर लांबीचं पॉलिकार्बोनेट तापमानात ४० अंशांचा फरक पडला की सुमारे २.५ ते ३ मिलिमीटर वाढतं. म्हणून भोक स्क्रूपेक्षा तेवढं सैल पाडा, रबरी वॉशर घाला आणि स्क्रू करकचून आवळू नका. घट्ट आवळला तर भोकाच्या कडेपासूनच तडा जातो. बोल्टची गोल डोकी आत, नट बाहेर. तळाला पाणी निचरायला भोकं हवीतच.

मांजरासाठी घुमटाऐवजी जाळीचा पिंजरा करा: २५ मिलिमीटर भोकांची वेल्डेड जाळी आणि आत पाय पसरून बसता येईल एवढी रुंद फळी.

शेळीची गोष्ट वेगळी. मोठ्या चौकोनाच्या जाळीतून ती डोकं सहज घालते, पण शिंगं मागे अडकतात आणि ओढाताणीत मान जखमी होते. तिच्यासाठी ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी भोकं नकोत. गायी-म्हशी अंग घासतात, म्हणून चौकट फळ्यांवर न टांगता थेट खांबांना जोडा.

सज्ज्यातून मागे फिरायची वाट कायम मोकळी ठेवा, तिला कडी लावू नका. सुरुवातीला अर्धी खिडकी कापडाने झाका आणि जनावर रुळलं की कापड काढा. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकंच वापरा. थिनरने पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडून तडकतं.