अनुदान मंजूर होतं, अडतं ते अर्थिंगच्या खड्ड्यात

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजात नव्यानं रुजू झालेले प्राध्यापक सगळा जीव संशोधन अनुदानाचा प्रस्ताव लिहिण्यात ओततात. ओतायलाच हवा. पण आपल्याकडे काम फसतं ते बहुतेक वेळा मंजुरीनंतर, उपकरणाच्या खरेदीत. म्हणून योजना थोडक्यात आणि खरेदी सविस्तर.

विज्ञान शाखेसाठी मोठं दार म्हणजे एएनआरएफ, संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, पूर्वीचं सर्ब. पंतप्रधान अर्ली करिअर योजनेत 3 वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत मिळतात, वयाची अट 42. संलग्न कॉलेजांना शुअर, म्हणजे राज्य विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांसाठीची योजना, जास्त जुळते, 3 वर्षांना 30 लाख. टेअर म्हणजे आपली नोकरी सांभाळून दुसऱ्या, यजमान संस्थेत संशोधन; त्यात वर्षाला 5 लाख संशोधनासाठी आणि 60,000 रुपये मानधन. हे 5 लाख आपलं कॉलेज आणि यजमान संस्था यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. वय 45 च्या आत हवं आणि वर्षाला किमान 90 दिवस यजमान संस्थेत काढावे लागतात. अटी बदलतात, तेव्हा अर्जाआधी ताजी जाहिरात वाचाच.

तासिका तत्त्वावर असाल तर स्पष्टच सांगायला हवं: वरच्या तिन्ही योजनांना नियमित पद लागतं. कुणी 'बघू, जमवू' म्हणत असेल तर त्यात वर्ष घालवू नका. तोवर नमुने, नोंदी, एखाद-दुसरा पेपर जमवत राहा. रुजू झाल्यावर पहिल्या प्रस्तावाचा कणा तोच असतो.

नियमित झालात की मुंबई विद्यापीठाच्या मायनर प्रोजेक्टपासून, म्हणजे छोट्या संशोधन प्रकल्पापासून, सुरुवात करा, असं माझं ठाम मत. रक्कम छोटी असते, पण बिलं, व्हाउचर, सीएची सही, विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) हे सगळं त्यात हाताखालून जातं. प्रस्ताव लिहून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. त्यांचा मजकूर परीक्षक पहिल्या पानावर ओळखतात, आणि सादरीकरणात प्रश्न तुम्हाला येतात, त्यांना नाही.

आता मुख्य गोष्ट. जुना मंजूर प्रस्ताव मागून आणायचा आणि त्याचं बजेट उतरवायचं, ही सगळीकडची रीत. त्यातच पहिला खड्डा आहे. 18 जुलै 2022 पूर्वी संशोधनाच्या उपकरणांवर पात्र संस्थांना 5 टक्के जीएसटी लागायचा. ती सवलत गेली, आता 18 टक्के धरायचे. 6,00,000 रुपयांच्या उपकरणाला जुन्या हिशेबानं 6,30,000 लिहिले तर प्रत्यक्षात 7,08,000 लागतात. हे 78,000 कुठून आणणार? रिकरिंगचे (रसायनांसारख्या चालू खर्चाचे) पैसे नॉन-रिकरिंगमध्ये (उपकरणांत) परवानगीशिवाय वळवता येत नाहीत. रसायनांतून काढू म्हणाल तर ऑडिटमध्ये पकडले जाल.

दुसरा खड्डा कोटेशनमध्ये. खाली बारीक अक्षरात 'एक्स-वर्क्स' लिहिलेलं असतं. म्हणजे माल त्यांच्या दारातून उचलायचा, वाहतूक, विमा, उतराई सगळं तुमच्या माथी. कोटेशन मागतानाच 'एफओआर, कॉलेजपर्यंत, इन्स्टॉलेशन आणि प्रशिक्षणासह' असं लिहून घ्या; एफओआर म्हणजे पोचवण्याचा खर्च विक्रेत्याचा. ऑनलाइन यूपीएस त्याच कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून हवा. नंतर सुचलेल्या यूपीएसला खर्चाचं मंजूर हेड सापडत नाही.

तिसरा खड्डा खरोखरचा खड्डा आहे, आणि याबद्दल कुणीच आधी सांगत नाही. आपली बरीच कॉलेजं कातळावर, जांभ्यात बसलेली. पावसात ओल असते तोवर अर्थिंग, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, बरी चालते. मार्च-एप्रिलला जांभा कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. कंपनीचा इंजिनियर येतो, मल्टिमीटरची एक पिन न्यूट्रलला, दुसरी अर्थला लावतो. संवेदनशील उपकरणाला साधारण 2-3 व्होल्टच्या आत आकडा लागतो. 8-10 दिसला की तो खोकं न उघडताच 'साइट तयार नाही' असा शेरा मारून निघून जातो. पुन्हा त्याचा नंबर लागायला तीन-चार आठवडे.

आता साखळी बघा. अर्थिंग नाही म्हणून इन्स्टॉलेशन नाही. इन्स्टॉलेशन रिपोर्ट नाही म्हणून पेमेंट नाही. पेमेंट नाही म्हणून 31 मार्चला खर्च शून्य. बऱ्याच योजनांत आता पैसे खात्यात येऊन पडत नाहीत. पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या निधी-हिशेबाच्या ऑनलाइन प्रणालीवर, खर्चाची मर्यादा मिळते, आणि न वापरलेली मर्यादा वर्षअखेर परत जाते. विनियोग प्रमाणपत्रात खर्च दिसत नाही म्हणून पुढचा हप्ता अडतो. एका खड्ड्यापायी प्रकल्पाचं अख्खं वर्ष जातं.

म्हणून मंजुरीपत्राची वाट न पाहता, प्रस्ताव पाठवला त्याच महिन्यात इलेक्ट्रिशियनला घेऊन प्रयोगशाळेतला न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजायला लागा. एकदा पावसात, एकदा एप्रिलमध्ये, दोन्ही आकडे लिहून ठेवा. नवा अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) लागणार असेल तर त्याचा खर्च उपकरणाच्या हेडमधून होत नाही. तो संस्थेनं करायचा असतो, आणि संस्थेच्या सभेत विषय यायला वेळ लागतो. प्राचार्यांना आजच पत्र द्या. आयात उपकरणाला आठ ते बारा आठवडे सहज जातात, तेव्हा ऑर्डर ऑक्टोबरअखेर निघायला हवी. मंजुरीच जानेवारीत आली तर घाबरू नका: त्या मार्चपर्यंत रिकरिंग खर्च नीट दाखवा, उपकरण पुढच्या आर्थिक वर्षात घेण्यासाठी लेखी परवानगी मागा. वेळेत मागितलेली परवानगी सहसा मिळते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागितलेली मिळत नाही.

या सगळ्यात खरा मार्गदर्शक कोण, तर कॉलेजचे अकाउंटंट. प्रस्तावाचं बजेट पाठवण्याआधी त्यांच्यासमोर बसून ओळ न् ओळ वाचा. सहा महिन्यांतून एकदा मेलला उत्तर देणाऱ्या नामवंत प्राध्यापकांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतात.

टेअरसाठी यजमान निवडतानाही नावावर जाऊ नका, अंतर बघा. कुडाळ-सावंतवाडीकडच्या समुद्र विषयातल्या माणसाला गोव्यातल्या दोनापावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जवळ पडते. 90 दिवसांचा हिशेब मात्र आधी कागदावर मांडा: मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, आणि उरलेल्या दिवसांची ड्युटी लीव्ह प्राचार्यांकडून लेखी. आठवड्याचे 16 तास शिकवून हे जमतं, पण सहकाऱ्यांशी तास आधी वाटून घेतले तरच. गणपतीची सुट्टी यात धरू नका; गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

फील्डवर्क असेल तर वेळापत्रक कोकणाचं हवं. 'दरमहा मासळीचे नमुने' असं लिहिलंत आणि 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी विसरलात, तर परीक्षक तिथेच थांबतो. बंदीत बिगरयांत्रिक होड्या चालतात, पण त्यांची जाळी आणि खोली वेगळी, म्हणजे पद्धतीतच तसं लिहावं लागतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे; तिथे काम असेल तर वनविभागाकडे अर्ज प्रस्तावाबरोबरच टाका.

उपकरण लागलं की जूनच्या पहिल्या आठवड्याआधी त्याची पावसाळी व्यवस्था करा. दमटपणात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी धरते आणि ती वॉरंटीत बसत नाही. डब्यात ओल शोषणारी निळी सिलिका जेल ठेवा; गुलाबी झाली की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास, निळी झाली की परत डब्यात.