एसी बदलताना अडलेली तपासणी कशी पार पडली

जुने यंत्र काढून त्याच जागी नवे बसवायचे, तर परवाना कशाला, असे एसी बसवणाऱ्याचे म्हणणे होते. स्थानिक बांधकाम विभागात चौकशी केल्यावर मात्र यंत्र बदलण्यासाठीही परवाना लागतो आणि वीजजोडणीची तपासणी वेगळी होते, असे कळले. अर्जाचे काम सहज झाले. गाडे अडले ते तपासणीत. बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर ब्रेकरची कमाल मर्यादा 25 अँपिअर छापलेली होती आणि पॅनेलमध्ये जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या यंत्राचा 40 अँपिअरचा ब्रेकर तसाच ठेवलेला होता. वायर जाड असल्याने चालेल, हा बसवणाऱ्याचा युक्तिवाद तपासनिसांनी मान्य केला नाही, आणि ते योग्यच होते, कारण ही मर्यादा केवळ वायरसाठी नसते. यंत्रात बिघाड झाल्यास पुरवठा वेळेत तुटावा, हाही तिचा हेतू असतो. परवानाधारक वायरमनकडून 25 अँपिअरचा ब्रेकर बसवून घेतला. युनिटजवळ, नजरेच्या टप्प्यात, पुरवठा तोडण्याचा स्विचही नव्हता. तोही लावून घेतला. भिंतीतली नळ्यांची खाच मी मुद्दाम उघडीच ठेवली होती, कारण तपासणीआधी झाकलेले काम पुन्हा उघडायला लावले जाऊ शकते. फेरतपासणीच्या कागदावर मंजुरीची सही झाल्यावरच गवंड्याला बोलावले.