एनबीए जॅममध्ये फ्रेश प्रिन्सला मैदानात कसं उतरवायचं

1995 साली घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, आलेल्या ‘एनबीए जॅम टूर्नामेंट एडिशन’ या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये रॅपर लपलेले आहेत. बीस्टी बॉईजचे तिघे, हेवी डी आणि डीजे जॅझी जेफच्या जोडीला फ्रेश प्रिन्स, म्हणजेच विल स्मिथ. संघांच्या यादीत यातलं एकही नाव दिसत नाही. त्यांना बोलवावं लागतं.

आधी कन्सोल. सुपर निन्टेन्डो अमेरिकेतून मागवला असेल तर त्याचा मूळ अडॅप्टर 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला तो थेट लावला तर जळेल, मध्ये व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

मग गेमची कॅसेट. लहानपणी आपण सगळ्यांनी त्यात फुंकर मारली, पण तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात. त्याऐवजी कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिनांवरून उभं फिरवा. पहिली काडी बहुधा काळीकुट्ट निघते. कापूस पांढरा राहीपर्यंत नवी काडी घेत राहा आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवा.

आता खरी गंमत. सामन्याआधी गेम विचारतो, नोंदीसाठी आद्याक्षरं टाकायची का? ‘हो’ म्हणा. आलेल्या तीन घरांत ठरलेली अक्षरं भरायची, पण शेवटचं अक्षर निवडताना ठरावीक बटणं दाबून धरायची. इथेच बहुतेकांचं चुकतं: बोट जरा आधी सुटतं आणि साधाच खेळाडू मिळतो. दुसरी चूक म्हणजे सेगा या दुसऱ्या कन्सोलचा कोड सुपर निन्टेन्डोवर टाकून बघणं. दोन्हींची बटणंच वेगळी, म्हणून आपल्याच कन्सोलची कोडयादी शोधा.

सामना दोघांविरुद्ध दोघांचा आणि फाउल नाहीत, त्यामुळे टर्बो, म्हणजे वेग वाढवणारं बटण, दाबून खुशाल ढकला. चेंडू मात्र वाटत बसू नका. एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केल्या की तो पेटतो, चेंडूला आग लागते आणि त्याचा टर्बो संपत नाही. म्हणून फ्रेश प्रिन्सच्या दोन बास्केट झाल्या की तिसरा पासही त्यालाच द्या. त्या क्षणी गेमचा निवेदक टिम किट्झ्रोच्या आवाजातलं ‘ही इज ऑन फायर’ ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज आधीच वाढवून ठेवा.